मागची सीट आणि एक शिकंजा

मोटारीचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण इंजिनापासून सुरुवात करतात. मग वेग येतो, शर्यती येतात, कारखान्यांचे मालक येतात. मागच्या सीटबद्दल कोणी फारसे लिहीत नाही. ती दुमडता येते, हे जाहिरातीत एका ओळीत सांगितले जाते. दुमडल्यावर तिला जागेवर धरून कोण ठेवते, हा प्रश्न तर जाहिरातीतही नसतो. मला त्याच प्रश्नावर लिहायचे आहे. विषय किरकोळ वाटेल, पण ज्या गावांत जमातीची जुनी ट्रॅक्स सकाळी प्रवासी वाहायची, दुपारी पेशंट आणि कधी संध्याकाळी मय्यत वाहायची, तिथल्या लोकांना तो किरकोळ वाटणार नाही.

सुरुवातीच्या मोटारी म्हणजे बिनघोड्याच्या बग्ग्याच होत्या. बग्गीतली मागची बैठक मालकाची, ती मऊ, रुंद आणि पक्की बसवलेली. सामानासाठी वेगळी गाडी असायची, कारण ज्याच्याकडे मोटार होती त्याच्याकडे नोकरही होते. मागची सीट हलवण्याची गरज त्या वर्गाला कधी पडली नाही. ती पडली शेतकऱ्याला, फेरीवाल्याला, छोट्या दुकानदाराला. एकाच गाडीत आठवडाभर माल आणि सुट्टीच्या दिवशी बायकामुले न्यायची, तर सीटने जागा सोडली पाहिजे.

फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीच्या पियर बुलांजे यांनी आपल्या अभियंत्यांना अशी गाडी मागितली होती, की जी दोन शेतकरी आणि ५० किलो बटाटे घेऊन जाईल आणि नांगरलेल्या शेतातून गेली तरी टोपलीतली अंडी फुटणार नाहीत. त्यातून आलेली टू सीव्ही १९४८ च्या पॅरिस प्रदर्शनात लोकांपुढे आली. तिच्या सीट म्हणजे नळीच्या चौकटीवर ताणलेले रबर आणि वर कापड. मागचे बाकडे उचलून सरळ बाहेर काढता यायचे. लोक ते झाडाखाली ठेवून त्यावर बसून जेवत. १९६१ साली रेनॉने रेनॉ ४ आणली. मागे उघडणारे मोठे दार आणि दुमडणारी सीट, हे तिचे वैशिष्ट्य. १९६५ च्या रेनॉ १६ मध्ये तर मागच्या सीटची पाठ वर उचलून छताला पट्ट्यांनी टांगता येई. पट्टा आणि आकडा हे दुमडलेल्या सीटला धरण्याचे साधन तेव्हापासून आजपर्यंत फारसे बदललेले नाही. आपल्याकडे २००५ साली आलेल्या इनोव्हातही तिसऱ्या रांगेच्या सीट उचलून बाजूला उभ्या करायच्या आणि पट्ट्याने अडकवायच्या, अशीच सोय होती.

आपल्याकडची वाट मात्र फ्रान्सहून आली नाही. ती लष्करातून आली, जीपमधून.

दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप ही एकाच सांगाड्यातून दहा कामे काढणारी गाडी होती. सैनिक, दारूगोळा, वायरलेस, तोफ ओढणे, सगळे तिच्यावर. जखमींसाठी तिच्यावर लोखंडी चौकटी बसवत आणि त्या चौकटींवर स्ट्रेचर अडकवत. काम झाले की चौकट काढायची आणि जीप पुन्हा जीप व्हायची. पक्के जोडायचे नाही, घट्ट धरायचे आणि गरज संपली की सोडायचे, ही पद्धत युद्धाने शिकवली.

ही जीप भारतात जोडण्याचे काम ज्या कंपनीने मुंबईत सुरू केले, तिचे मूळ नाव आज अनेकांना ठाऊक नसते. १९४५ साली जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र महिंद्र या बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासोबत ती काढली, तेव्हा ती 'महिंद्र अँड मोहम्मद' होती. धंदा पोलादाचा. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल. १९४८ साली इकडे कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. नावातली आद्याक्षरे तीच राहिली. या गोष्टीवर आपल्याकडे काही जण उसासे टाकतात. मला त्यात उसासे टाकण्यासारखे काही दिसत नाही. गुलाम मोहम्मद हे बडे सनदी अधिकारी होते, अलीगढचे शिकलेले, आणि पुढे १९५४ मध्ये त्यांनी पाकिस्तानची संविधान सभा बरखास्त केली, त्याचे भोग त्या देशाने भोगले. मोटारीच्या धंद्यातले मुसलमान म्हटले की मला ते आठवत नाहीत. मला गॅरेजमधले लोक आठवतात. ते कुठेच गेले नाहीत आणि त्यांची नावे कोणत्याही पाटीवर नव्हती, त्यामुळे पुसलीही गेली नाहीत.

सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात मुस्लिम कामगार स्वयंरोजगारात जास्त आहेत आणि मोटार दुरुस्तीसारख्या कामांत त्यांची संख्या ठळक आहे, हे आकडेवारीने मांडले गेले. ज्यांनी कुर्ल्याच्या किंवा कोल्हापूर, सांगली, मालेगावच्या गॅरेजांच्या रांगा पाहिल्या आहेत, त्यांना हे अहवालाआधीच माहीत होते. पण या कामात लोक आले कुठून, हा इतिहास मला जास्त ओढतो. आमच्या भागात इंजिनाची कामे करणाऱ्यांत शिकलगार बरेच. हत्यारांना धार लावणे हा त्यांचा पिढीजात धंदा. संस्थाने खालसा होत गेली, तलवारीचे गिऱ्हाईक संपले, तसे ते दुसऱ्या कामांकडे वळले. मिरजेच्या शिकलगारांतून फरीदसाहेब सतारमेकर निघाले आणि मिरजेची सतार देशभर गेली, ही गोष्ट सगळे सांगतात. त्याच हातांतले काही पुढे लेथवर आणि वेल्डिंगवर गेले, ही गोष्ट कोणी सांगत नाही.

सीटचे काम करणारे मात्र वेगळे. मी पाहिलेल्या कुशनवाल्यांत नदाफ, म्हणजे पिंजारी, पुष्कळ होते. आजा धनुकली खांद्यावर टाकून गावोगाव कापूस पिंजत हिंडायचा, बापाने बाजारपेठेत गादीचे दुकान टाकले, आणि फोमचा जमाना आल्यावर नातवाने 'कुशन वर्क्स'ची पाटी लावली. गादी तीच, फक्त ती आता मोटारीत गेली. ओबीसींच्या यादीत नदाफ आणि शिकलगार या दोन ओळींची नावे आपण दाखल्यापुरती वाचतो. जीपच्या मागच्या बाकड्याला रेक्झिन कोणी ठोकले आणि तिची चौकट कोणी जोडली, हे पाहिले तर त्या दोन ओळी एकाच गाडीत भेटतात.

आता ट्रॅक्स. 'टेम्पो' हा शब्द आपण आज कुठल्याही छोट्या मालगाडीला वापरतो, पण तो एका जर्मन कंपनीच्या गाडीचे नाव होता. पुण्याच्या फिरोदियांच्या बजाज टेम्पोने ती तीनचाकी इथे बनवली आणि नावच भाषेत मुरले. याच कंपनीने १९८० च्या दशकाच्या अखेरीस टेम्पो ट्रॅक्स बाजारात आणली. पश्चिम महाराष्ट्रात तिचे दुसरे नाव वडाप. एसटीचा वेळ चुकला की स्टँडबाहेर उभी असलेली, भरल्याशिवाय न हलणारी आणि भरल्यावरही आणखी दोघांना घेणारी गाडी. तिच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंना समोरासमोर लांब बाकडी असत. मधल्या जागेत गाठोडी, कोंबड्या, दुधाचे कॅन. बाकडी वर उचलून बाजूच्या पत्र्याला टेकवली की आत माल भरता येई. हे काम अनेक गाड्यांत गॅरेजवाल्यांनीच करून दिलेले असे. बाकड्याला बिजागऱ्या लावायच्या, वर एक नायलॉनचा पट्टा, पट्ट्याला लोखंडी आकडा, आकडा खिडकीच्या दांड्याला.

आमच्या जमातीने एक जुनी ट्रॅक्स घेतली होती. २००० नंतरची गोष्ट आहे, १०८ क्रमांक तेव्हा महाराष्ट्रात आलेला नव्हता. तालुक्याच्या सरकारी दवाखान्याची एक गाडी, ती बहुतेक वेळा दुसरीकडे गेलेली. रात्री बाळंतपण अडले, कोणाच्या छातीत दुखले, की मिरज गाठायचे. मिरजेला १८९४ साली डॉ. वानलेस यांनी मिशनचे हॉस्पिटल काढले, तेव्हापासून आमच्याकडचे आजारी माणूस मिरजेलाच जाते. पूर्वी बैलगाडीने आणि रेल्वेने, नंतर मिळेल त्या वाहनाने. जमातीची ट्रॅक्स दिवसा भाड्याने चालायची, त्यातून डिझेल आणि ड्रायव्हरचा पगार निघायचा, आणि पेशंट असला की बाकडी उचलून मध्ये स्ट्रेचर. जात-धर्म कोणी विचारत नसे. कायद्याच्या नजरेत ती ॲम्ब्युलन्स नव्हती, हेही सांगून टाकतो. पण रात्री दोन वाजता दार ठोठावणाऱ्याला कायद्याचे कलम सांगत बसणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

एका पावसाळ्यात असाच एक पेशंट नेताना खड्ड्यातून गाडी उसळली, पट्ट्याचा आकडा दांड्यातून सुटला आणि उचललेले बाकडे खाली आले. ते पेशंटच्या अंगावर पडू नये म्हणून त्याच्या मेव्हण्याने हात मध्ये घातला. मनगट मोडले. मिरजेला पोहोचल्यावर एकाच घरातली दोन माणसे दाखल झाली. पेशंट वाचला. मेव्हणा सुतार होता, त्याचे तीन महिने काम बंद राहिले.

आकडा का सुटला? हे समजून घेण्यासारखे आहे, कारण आजही हजारो गाड्यांत हीच सोय आहे. पट्टा ताणलेला असेपर्यंत आकडा दांड्याला घट्ट धरून असतो. खड्ड्यात गाडी आधी खाली जाते, मग उसळते. त्या उसळीत बाकडे क्षणभर पत्र्याकडे दाबले जाते आणि पट्टा ढिला पडतो. तोंड उघडे असलेला आकडा त्या ढिलाईत दांड्यावरून उडी मारतो. पुढच्याच क्षणी बाकडे परत येते तेव्हा त्याला धरायला काही उरलेले नसते. त्यात नायलॉन उन्हाने कडक होते, शिवण उसवते, वर्षभरात पट्टा बोटभर लांब होतो. म्हणजे पट्टा तुटण्याची वाट पाहावी लागत नाही, तो शाबूत असतानाही दगा देतो.

यावर जमातीच्या बैठकीत दोन तट पडले. एकाचे म्हणणे, बाकडी कायमची काढून टाका. दुसऱ्याचे म्हणणे, मग दिवसाचे भाडे गेले, आणि भाडे गेले की डिझेल गेले, मग गाडी दारात उभी ठेवून करायचे काय? कोणी सुचवले, पत्र्यालाच कडी वेल्ड करा. गॅरेजचे मिस्त्री तिथे होते. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. ते म्हणाले, "पत्रा पातळ है. वेल्डिंगनं जळतो, सहा महिन्यांत गंज धरतो, आणि कडी पत्र्यासकट हातात येते. धरायचं तर पाइपाला पाइप धरायचा."

त्यांनी तीन दिवसांत जे बनवले ते मी नीट पाहिले आहे. लोखंडाच्या जाड पट्टीचे दोन अर्धगोल जबडे, एका बाजूला बिजागरीच्या पिनेने जोडलेले. दुसऱ्या बाजूला बोल्ट, बोल्टाला आडवा दांडा वेल्ड केलेला, म्हणजे पान्याशिवाय हाताने आवळता यावा. असे दोन जबडे पाठीला पाठ लावून जोडलेले. एक बाकड्याच्या चौकटीच्या पाइपाला धरणार, दुसरा खिडकीच्या आडव्या दांड्याला. जबड्यांच्या आत ट्यूबच्या रबराचे अस्तर. रबर दोन कामे करते, पाइप चेपू देत नाही आणि घसरू देत नाही. गाडीच्या थरथरीने नट हळूहळू सैल होतो, म्हणून त्याच्यावर दुसरा नट आणि बोल्टाच्या टोकाला भोक पाडून पिन. शिवाय एक साखळी, कारण काढलेली वस्तू हरवतेच. प्रत्येक बाकड्याला दोन, एकूण चार शिकंजे. पेशंट आला की बाकडी उचलून आवळायची, एक मिनिटाचे काम. सकाळी सोडायचे, सीटखालच्या डब्यात टाकायचे, प्रवासी बसायला मोकळे.

उरलेल्या पट्टीतून त्यांनी पाचवा शिकंजा स्वतःहून केला, ऑक्सिजनच्या नळकांड्यासाठी. ते आधी स्ट्रेचरच्या पायाशी दोरीने बांधलेले असे. सुमारे १५ किलोचे ते नळकांडे. आता जरा हिशेब करून पाहा. गाडी ताशी ४० किलोमीटरने चालली आहे आणि कशावर तरी आदळून दशांश सेकंदात थांबली. आत बांधलेली प्रत्येक वस्तू आपल्या वजनाच्या अकरा पटीहून अधिक जोराने पुढे ओढली जाते. पंधरा किलोचे नळकांडे तेवढ्या क्षणापुरते पावणेदोनशे किलोच्या जवळ जाते. सुतळीची दोरी ते धरेल का, हे ज्याने त्याने ठरवावे. युरोपात वापरल्या जाणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या सीटविषयक नियमात, नियम क्रमांक १७ मध्ये, सामानाची चाचणी याच कारणासाठी आहे. मागच्या सीटच्या पाठीमागे १८ किलोचे दोन ठोकळे ठेवतात आणि ताशी ५० किलोमीटरची टक्कर घडवतात. सीटची पाठ आणि तिचा खटका टिकला पाहिजे. चाचांनी हा नियम वाचलेला नव्हता. पण सुटी वस्तू किती जोराने येते, याचे ज्ञान त्यांना ठोकलेल्या गाड्या सरळ करता करता झालेले होते.

जमातीच्या हिशेबवहीत या पाच शिकंज्यांची नोंद 'गाडी दुरुस्ती, लोखंड' एवढीच आहे. मजुरी त्यांनी घेतली नाही. मशिदीला पंखा दिला तर पात्यावर देणाऱ्याचे नाव रंगवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. शिकंज्यावर नाव लिहायला जागा नव्हती. मला ही तुलना थोडी तिखट वाटते, पण करायचीच आहे. आपल्या संस्थांच्या इतिहासात जमीन देणारे, पैसा देणारे, उद्घाटन करणारे सगळे असतात. लोखंड वाकवणारे नसतात. मुस्लिम समाजाचा महाराष्ट्रातला इतिहास म्हणजे निजामशाही, आदिलशाही आणि काही सूफींची नावे, असा जो एक पाठ आपणच मुलांना देतो, त्यात या कामांना खोली मिळत नाही. शिकलगाराच्या घरातल्या मुलाला बहमनी सुलतानांची वंशावळ पाठ असते, पण आपल्या पणजोबाने कोणते हत्यार केले हे माहीत नसते.

काढता येणारा शिकंजा हा पैशाच्या ओढाताणीतून आलेला उपाय होता, पण कायद्यानेही पुढे त्याचीच बाजू घेतली, असे म्हणता येईल. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या आणि कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केले. सीट कापणे, सांगाड्याला वेल्डिंग करणे या गोष्टी त्यात अडकतात. भोक न पाडता बसणारी आणि काढल्यावर मागे खूण न ठेवणारी वस्तू ही वेगळी गोष्ट. अर्थात ज्यांच्या गाडीत बाकडीच मुळात गॅरेजात बदललेली होती, त्यांनी या मुद्द्यावर फार छाती काढू नये. आम्हीही काढली नाही.

२०१४ च्या जानेवारीत महाराष्ट्रात १०८ ची सेवा सुरू झाली आणि आमच्या ट्रॅक्सचे रात्रीचे काम कमी होत गेले. पुढे केंद्र सरकारने ॲम्ब्युलन्सच्या बांधणीसाठी एआयएस-१२५ हे मानक लागू केले. त्यात स्ट्रेचर कसा अडकवायचा, आत बसणाऱ्याची सीट आणि पट्टा कसा हवा, उपकरणे कशी धरून ठेवायची, हे सारे ठरवलेले आहे. पेशंट नुसता पोहोचवणारी गाडी आणि जीव वाचवणारी उपकरणे असलेली गाडी यांचे प्रकार वेगळे केलेले आहेत. ते वाचताना मला गंमत वाटली. आम्ही खड्ड्यात जाऊन शिकलो ते सगळे मुद्दे तिथे क्रमाने लिहिलेले होते. दरम्यान छोट्या शहरांतल्या संस्थांनी ट्रॅक्स सोडून ओम्नी घेतल्या. १९८४ साली मारुती व्हॅन म्हणून आलेली ही गाडी २०१९ मध्ये बंद झाली, कारण नव्या सुरक्षा नियमांत ती बसत नव्हती. तिच्या जागी आता ईको दिसते.

आमच्या जमातीनेही ट्रॅक्स मोडीत काढली. मोडवाल्याने वजनावर नेली, त्यात दोन शिकंजे गेले. दोन चाचांच्या मुलाने गॅरेजात ठेवले आहेत, सायलेन्सर जोडताना पाइप धरायला तो ते वापरतो. नळकांड्याचा शिकंजा मात्र नव्या ईकोत आहे. कंपनीने दिलेला पट्टा असताना तो कशाला, असे ड्रायव्हरला विचारले तर तो म्हणतो, पट्टाही लावतो आणि हाही लावतो. स्ट्रेचरला आता खटक्याचे कुलूप आहे, एक आवाज होतो आणि तो बसतो. पेशंटजवळ बसणाऱ्या नातेवाइकाच्या सीटला पट्टा आहे, तो बहुतेक वेळा सीटखाली अडकून पडलेला असतो, कारण माणूस पेशंटचा हात धरून पुढे वाकलेला असतो. गेल्या बैठकीत ठरले आहे, की गाडी सुटण्याआधी ड्रायव्हरने मागे जाऊन तो पट्टा स्वतः लावून द्यायचा.